मतांतर आणि दंभ

गेल्या उन्हाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला, तो आपली कॉलेजांतली वही घेऊनच. वीसबावीस वर्षांपूर्वीं बी. ए. च्या वर्गांत ब्राउनिंगची ‘दि लॉस्ट लीडर’ ही कविता शिकवितांना मीं जें टिपण सांगितलें होतें, तें त्या वहींत सुबक अक्षरांत उतरलेलें होतें. वर्डस्वर्थ तरुणपणीं स्वातंत्र्याचा कैवारी होता, पुढें सरकारी जागेसाठीं व मानासाठीं त्यानें आपलीं मतें विकलीं, आणि ब्राउनिंगनें त्याचा योग्य तो न्याय केला, असा त्या टिपणाचा सारांश. नुकताच एका व्याख्यानांत मी ह्याच्या बरोबर उलट बोललों होतों, आणि तें ऐकावयास हा गृहस्थ हजर होता. ‘सर, ह्यांतलें आपलें खरें मत कोणतें?’ असें त्यानें अदबीनें विचारलें. ह्या प्रश्नाच्या पोटांत आणखी एक प्रश्न होता, आणि तो त्यानें न विचारतांहि मला ऐकूं आला.

प्रथम ती कविताच पाहूं. १८४५ सालीं ती प्रसिद्ध झाली तेव्हां ब्राउनिंग तेहतीस वर्षांचा होता आणि वर्डस्वर्थ पंचाहत्तर वर्षांचा. १८४२ मध्यें वर्डस्वर्थला सालिना तीनशें पौंडांचें पेन्शन मिळालें होतें व पुढल्याच वर्षीं तो राजकवि झाला होता. कवितेंत त्याचें नांव नाहीं. पण तिचा रोख कोणाकडे आहे, हें वाचकांस सांगावें लागलें नाहीं. पैशासाठीं व मानचिन्हासाठीं पुढाऱ्यानें आपला पक्ष सोडला, हा तिचा आरोप. तिचा ठेका असा आहे कीं, एकदां कानांत शिरला म्हणजे दिवसभर जात नाहीं. आपल्यांतून उठून गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाविषयींचें दुःखहि तींत खोटें नाहीं. परंतु एक उणीव तींत मोठी आहे. ज्यानें मत बदललें त्यानें बदलण्यापूर्वीं कांहीं विचार केला असेल, ही शक्यताच तींत कोठें डोकावत नाहीं. तिच्या जगांत माणसें एक तर एकनिष्ठ असतात, नाहीं तर विकलीं जातात. तिसरा प्रकार तिला ठाऊक नाहीं.

सनावळी मांडून पाहिली कीं ही उणीव अधिकच डोळ्यांत भरते. १७९८ सालीं फ्रान्सच्या फौजा स्वित्झर्लंडमध्यें शिरल्या. स्वातंत्र्याची द्वाही फिरवीत निघालेलें राष्ट्र शेजाऱ्याचें स्वातंत्र्य गिळूं लागलेलें पाहून वर्डस्वर्थ आणि कोलरिज ह्यांची क्रांतीवरील श्रद्धा ढासळली. वेस्टमोरलंड परगण्यांतील स्टॅम्पांच्या वांटपाची सरकारी जागा वर्डस्वर्थला मिळाली ती १८१३ सालीं. आज माल द्यावा आणि त्याची किंमत पंधरा वर्षांनीं घ्यावी, असा व्यापारी जगांत विरळा! अर्थात् एवढ्यानें वर्डस्वर्थ निर्दोष सुटतो, असें मी म्हणणार नाहीं. ज्या लोथर घराण्याच्या वशिल्यानें ती जागा मिळाली, त्याच घराण्याच्या बाजूनें १८१८ च्या निवडणुकींत त्यानें लेखणी झिजविली. मत आधीं बदललें आणि मोबदला मागून आला, हें खरें. पण मोबदला एकदां घरांत आला म्हणजे तें मत पुन्हां तपासून पाहण्याची उमेद माणसास राहत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

तथापि ह्याला दंभ म्हणतां येईल काय? दंभांत दोन गोष्टी एकाच वेळीं नांदत असतात. मनांत एक आणि ओठांवर दुसरें, किंवा ओठांवर एक आणि आचरणांत तिसरें. मतांतरांत विसंगति असते ती कालच्या माणसांत आणि आजच्या माणसांत. आपल्या इकडचें एक उदाहरण ह्या भेदावर चांगला प्रकाश टाकील. न्यायमूर्ति रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ सालीं त्यांची प्रथम पत्नी वारली, आणि वडिलांच्या आग्रहापुढें मान वांकवून त्यांनीं अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. ह्याबद्दल त्यांच्यावर जी टीका झाली तींत दंभाचा आरोप करावयास जागा होती. कारण त्यांचें मत तिळभरहि बदललें नव्हतें. विधवाविवाहाविषयींचें आपलें मत आतां पालटलें आहे, असें त्यांनीं जाहीर केलें असतें, तर त्यांस दुसरे दोष देतां आले असते, पण दंभाचा आरोप क्षणभरहि टिकला नसता. मी स्वतः त्यांच्या त्या कृतीस दंभ न म्हणतां दुर्बलता म्हणेन. पण तो निराळा विषय.

मग मतांतर करणाऱ्यास दोष द्यावयाचा तो केव्हां? ह्या प्रश्नावर राजकवि साउदी ह्याच्या प्रकरणाइतकें बोधप्रद प्रकरण मला इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत दुसरें आढळलें नाहीं. १७९४ सालीं, ऐन विशींत असतांना, साउदीनें ‘वॉट टायलर’ नांवाचें एक लहानसें नाटक लिहिलें. १३८१ सालीं डोईपट्टीविरुद्ध इंग्लंडांतील शेतकऱ्यांनीं जें बंड केलें, त्याचा पुढारी हा त्याचा नायक. राजा, सरदार आणि धर्माधिकारी ह्यांपैकीं कोणासहि त्यांत सोडलेलें नाहीं. हस्तलिखित एका प्रकाशकाकडे गेलें, तें छापावयाचें राहून गेलें, आणि साउदी तें विसरला. १८१३ सालीं तो राजकवि झाला. पुढें १८१७ च्या फेब्रुवारींत तेंच नाटक त्याच्या संमतीवांचून छापून बाजारांत आलें.

वेळ मोठी नाजूक होती. नेपोलियनचें युद्ध संपलें होतें, पण बेकारी आणि धान्याची महागाई ह्यांनीं लोक हैराण झाले होते. मार्चमध्यें सरकारनें हेबिअस कॉर्पसचा कायदा तहकूब केला. आणि इकडे ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ मध्यें साउदी बिननांवाच्या लेखांतून चळवळ्या पत्रकारांस कडक शासन करा म्हणून सरकारास सांगत होता! तो घाबरून चॅन्सरी कोर्टांत मनाईहुकूम मागावयास गेला. लॉर्ड एल्डननें तो नाकारला. लोकांस अपायकारक होण्यासारख्या ग्रंथावरील हक्काच्या रक्षणासाठीं कोर्ट धांवून येणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. म्हणजे, नाटक राजद्रोही असल्यामुळें तें वाटेल त्यानें छापावें, असा चमत्कारिक निकाल झाला, आणि स्वस्त प्रतींचा सुळसुळाट झाला. १४ मार्च रोजीं विल्यम स्मिथ ह्या सभासदानें पार्लमेंटांत नाटक आणि ‘क्वार्टर्ली’ मधील लेख हीं दोन्हीं एकमेकांशेजारीं ठेवून दाखविलीं.

स्मिथचा मुद्दा नीट ध्यानांत घेतला पाहिजे. कारण पुष्कळांस वाटतें कीं, त्यानें साउदीस मत बदलल्याबद्दल धरलें. तसें नाहीं. माणसानें जन्मभर एकाच मतास चिकटून राहावें, असें तो म्हणालाच नाहीं. त्याला किळस आली ती मत सोडून गेलेल्या माणसानें तें मत अद्याप धरून असलेल्यांवर काढलेल्या विखाराची. साउदीनें स्मिथला उद्देशून एक पत्र छापून उत्तर दिलें. आपण एके काळीं मूल होतों ह्याची जशी आपणांस लाज वाटत नाहीं, तशीच एके काळीं प्रजासत्ताकवादी होतों ह्याचीहि वाटत नाहीं, हा त्याच्या बचावाचा आशय. उत्तर झकास आहे. मात्र तें भलत्याच प्रश्नाचें आहे. १७९४ चा साउदी जर अजाण पोर होता, तर १८१७ सालीं तींच वाक्यें बोलणारे विणकर व छापखान्यांतले उमेदवार हेहि पोरच नव्हते काय? स्वतःच्या पोरपणाकडे कौतुकानें पाहावयाचें आणि दुसऱ्याच्या पोरपणास तुरुंग दाखवावयाचा, येथें मला दंभ दिसतो. तो मतांतरांत नाहीं, स्वतःसाठीं एक माप आणि इतरांसाठीं दुसरें ठेवण्यांत आहे.

साउदीवर सर्वांत तिखट लिहिलें तें हॅझलिटनें. तो स्वतः अखेरपर्यंत क्रांतीशीं एकनिष्ठ राहिला. इतका कीं, नेपोलियनचें चार खंडांचें चरित्र लिहून त्यानें आपले अखेरचे दिवस त्यांत घालविले. त्याच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण नेपोलियनविषयीं त्याचें मत थोडें बदललें असतें तर तें चरित्र अधिक वाचनीय झालें असतें, असें मला प्रामाणिकपणें वाटतें.

आतां ह्या मापानें वर्डस्वर्थकडे वळूं. ‘प्रिल्यूड’ हें त्याचें आत्मचरित्रपर महाकाव्य १८०५ सालीं पुरें झालें. त्यावर तो पुढें अनेक वर्षें हात फिरवीत राहिला, आणि १८५० सालीं त्याच्या मृत्यूनंतर तें छापलें गेलें. १८०५ चा मूळ पाठ १९२६ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून दोन्ही पाठ शेजारीं ठेवून वाचण्याची सोय झाली. आधीं हें काम केल्यावांचून मीं वर्गांत तें टिपण सांगावयास नको होतें. उत्तरवयांतल्या वर्डस्वर्थनें बरेंच मवाळ केलें आहे. क्रांतीचा कट्टा शत्रु जो बर्क, त्याची स्तुति नव्यानें घातली आहे. ह्या जागा वाचतांना काव्य उतरलेलें स्पष्ट कळतें. पण क्रांतीच्या पहाटेचा तो आनंद, तरुण असण्यांतलें तें सुख, त्यानें काढून टाकलें नाहीं. हा भाग तर त्यानें १८०९ सालीं कोलरिजच्या ‘दि फ्रेंड’ मध्यें व पुन्हां १८१५ च्या कवितासंग्रहांत, म्हणजे सरकारी जागा मिळाल्यानंतरहि, स्वतः छापला होता. तो तरुण चुकला, असें वृद्ध कवि म्हणतो. पण त्याला बोलूं देतो, आणि त्याच्या तोंडचे शब्द आपल्या शब्दांहून गोड आहेत हें दिसत असतांहि बोलूं देतो. असें करावयास फार मोठें मन लागतें.

तरीहि माझें हें नवें मत मी अगदीं निर्वेध मांडूं शकत नाहीं. १७९३ सालीं लँडाफच्या बिशपास उद्देशून वर्डस्वर्थनें राजसत्तेविरुद्ध एक जळजळीत पत्र लिहिलें होतें. तें त्यानें हयातींत कधींच छापलें नाहीं; १८७६ सालीं ग्रोसार्टनें त्याचे गद्यलेख संपादिले तेव्हां तें उजेडांत आलें. साउदीनें मात्र १८३७ सालीं आपल्या समग्र कवितांत ‘वॉट टायलर’ स्वतःच्या हातानें घातलें. ज्याला मीं वर दोषी ठरविलें त्याच्या पदरांत एवढें पुण्य टाकलेंच पाहिजे.

ह्याच ग्रोसार्टनें १८७५ मध्यें ब्राउनिंगला विचारलें होतें कीं, तुमचा तो पुढारी म्हणजे वर्डस्वर्थच काय? ब्राउनिंग तेव्हां साठी ओलांडून गेला होता. ऐन तारुण्याच्या उतावळेपणांत आपण त्या थोर पुरुषाला, चित्रकार समोर माणूस बसवितो तसा, नमुना म्हणून वापरलें, पण तें चित्र त्याचें यथार्थ चित्र नव्हे, असें त्यानें जरा ओशाळूनच कळविलें. कविता मात्र त्यानें मागें घेतली नाहीं. पुढच्या आवृत्त्यांतहि ती राहिली.

वही मीं माझ्या विद्यार्थ्यास परत दिली. त्या पानावर कांहीं खोडलें नाहीं. समोरचें पान कोरें होतें, त्यावर ग्रोसार्टच्या पत्रव्यवहाराचें साल त्याच्याकडून लिहून घेतलें.