ओळख आणि किंमत : जुन्या कांचगोट्यांच्या निमित्तानें

कांचेच्या जुन्या गोट्यांवर अमेरिकेंत जीं मार्गदर्शक पुस्तकें निघालीं, त्यांच्या नांवांत बहुधा दोन शब्द शेजारीं शेजारीं बसलेले दिसतात. रॉबर्ट ब्लॉक यांच्या पुस्तकाचें नांव ‘गोट्या : ओळख आणि किंमत यांचा मार्गदर्शक’ अशा अर्थाचें आहे, एव्हरेट ग्रिस्ट यांच्या मोठ्या ग्रंथाच्या नांवांतही ओळख आणि मूल्य हीं एकाच ‘आणि’नें बांधलेलीं आहेत. हा ‘आणि’ आम्हांस खटकतो. ओळखणें हें ज्ञानाचें काम, किंमत ठरविणें हें बाजाराचें. दोन्ही कामें एकाच पुस्तकांत उरकावयाचीं म्हटलीं म्हणजे त्यांतील कोणतें दुसऱ्याची चाकरी करूं लागतें, हा प्रश्न टीकाकारानें विचारण्यासारखा आहे. विषय पोरखेळाचा म्हणून कोणीं नाक मुरडूं नये. नाण्यांचा संग्रह ज्यास मान्य आहे त्यास गोटीचें वावडें असण्याचें कारण नाहीं. आणि नाण्यावर निदान राजाचें नांव कोरलेलें असतें, गोटीवर बहुधा कांहींच नसतें. तिला ग्रंथकर्ता नाहीं, प्रकाशक नाहीं, शक नाहीं. तिचें सारें चरित्र तिच्या अंगावरील खुणांवरूनच वाचावें लागतें, आणि म्हणूनच जुन्या पोथ्यांत रमणाऱ्या माणसास हा अभ्यास परका वाटत नाहीं.

या खुणा कशा पडल्या तें आधीं पाहूं. जर्मनींतील थुरिंगियाच्या डोंगराळ भागांत लाउशा नांवाचें कांचकारांचें गांव आहे. १५९७ सालीं हान्स ग्राइनर आणि क्रिस्तोफ म्युलर यांनीं तेथें भट्टी घातली. या गांवीं १८४६ च्या सुमारास गोट्या घडविण्याची एक विशेष कात्री निघाली. तिच्या एका बाहूस लहानशी वाटी, दुसऱ्यास पातें. रंगीत कांचेच्या बारीक काड्या पारदर्शक कांचेंत गोवावयाच्या, तो गोळा तापवून पीळ देत लांब ओढावयाचा आणि त्याचें कांडें करावयाचें. मग कांड्याचें मऊ टोक वाटींत धरून फिरवावयाचें व गोलाई येतांच पात्यानें तोडावयाचें, अशी ही कृति. पहिल्या महायुद्धापर्यंत हातघडणीच्या बहुतेक कांचगोट्या याच मुलखांतून जगभर गेल्या. त्यांच्या नक्षीचे प्रकार पुष्कळ : कोठें पांढऱ्या जाळीचा गाभा, कोठें रंगीत फितींचा, कोठें भरीव खांबासारखा, तर कोठें पृष्ठभागालगत सर्वांगास कांद्याच्या पापुद्र्यासारखें रंगाचें वेष्टन. रसिकाची नजर प्रथम येथेंच खिळते आणि तें योग्यच आहे. परंतु परीक्षकाची नजर नक्षी सोडून गोटीच्या दोन टोकांकडे जाते. फळास जशी देंठाची खूण असते तशी या गोटीच्या दोन्ही ध्रुवांवर तोडल्याची खडबडीत खूण असते, आणि आंतील पीळ एका खुणेपासून निघून दुसरीपाशीं संपतो. इंग्रजी जाणकार तिला ‘पॉन्टिल’ म्हणतात. आम्ही देंठच म्हणूं. नक्षी गोटी कोणत्या जातीची तें सांगते, देंठ ती कशी जन्मली तें सांगतो.

अमेरिकेंत हा देंठ नाहींसा कसा झाला ती कथा ओहायो राज्यांतील ॲक्रन शहराची आहे. तेथील मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सेन यांस १९०५ सालीं गोल वस्तु घडविण्याच्या यंत्राचें पेटंट मिळालें. खांचा पाडलेल्या फिरत्या चाकांमध्यें तापलेली कांच सर्व बाजूंनीं लोळत राही, त्यामुळें देंठ उरत नसे. पण भट्टींतून कांच उचलण्याचें काम अजून माणसाच्याच हातीं होतें. सळईवर घेतलेली कांच खालीं ओघळूं देतांना तिला जी फिरकी बसे तिच्यामुळें गोटीच्या एका टोकास इंग्रजी नवाच्या आंकड्यासारखें वळण उमटे, आणि दुसऱ्या टोकास कातरीच्या कापाची लहानशी शेपटी राही. या नवाच्या आंकड्यापाशीं वाचकांस क्षणभर थांबविण्याची आमची इच्छा आहे. यंत्रयुग आलें, असें एका वाक्यांत आपण वर्गांत शिकवितों. येथें तें अर्धें आलेलें दिसतें. गोलाई यंत्राची आहे, वळण माणसाचें. ज्या कामगाराचें नांव आज कोणी सांगूं शकणार नाहीं त्याच्या हाताची लकब बोराएवढ्या कांचेंत शंभराहून अधिक वर्षें टिकून राहिली आहे. पुढें तेंही काम यंत्राकडे गेलें. ॲक्रो ॲगेट कंपनीनें १९१४ मध्यें आपला कारभार वेस्ट व्हर्जिनियांतील क्लार्क्सबर्ग येथें हलविला व ती १९५१ पर्यंत चालली. तिच्या प्रसिद्ध गोट्यांत रंगाचा पट्टा मळसूत्राप्रमाणें एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरत जातो आणि स्वतःस कोठेंही येऊन मिळत नाहीं. इलिनॉयमधील ऑटावा येथील पेल्टियर कारखान्यानें तर वर्तमानपत्री चित्रमालिकांतील व तशाच लोकप्रिय अशा बारा पात्रांचीं चित्रें गोट्यांवर उमटविलीं. १९५० च्या सुमारास जपानी ‘मांजरडोळे’ आले. या साऱ्यांचा विस्तार येथें नको. जाणकार या यंत्राच्या गोट्यांवरही कापाच्या आणि जोडाच्या रेषा शोधतो, आणि त्या रेषा वाचतां येणें यासच आम्ही ओळख म्हणतों.

आतां ‘किंमत’ या दुसऱ्या शब्दाकडे वळूं. गोटीस नांव मिळालें कीं तिचा भाव ठरतो. म्हणून नांव देण्याची घाई फार, आणि दिलेलें परत घेण्याची तयारी थोडी. सोनेरी झांक मारणाऱ्या एका जातीस ‘लुट्झ’ म्हणतात. ही झांक सोन्याची नसून कांचेंत विखुरलेल्या तांब्याच्या सूक्ष्म स्फटिकांची असते. निकोलस लुट्झ हा मॅसॅच्युसेट्समधील सँडविचच्या कारखान्यांतील नामांकित कांचकार; त्यानेंच या गोट्या केल्या अशी समजूत झाली. त्या जर्मनींत झाल्या असें आतां जाणकार मानतात. नांव मात्र जागचें हाललेलें नाहीं. निळ्या आणि तपकिरी झिलईच्या मातीच्या गोट्यांस व्हर्माँटमधील बेनिंग्टन गांवच्या भांड्यांवरून ‘बेनिंग्टन’ म्हणतात, कारण झिलई सारखी दिसते, त्याही जर्मनीच्याच. रूढ नांवाची सोय आम्ही जाणतों. आपल्याकडे कोणतेंही जुनें दगडी देऊळ दिसलें कीं तें ‘हेमाडपंती’ ठरतें. अंबरनाथचें शिवमंदिर १०६० सालचें, म्हणजे हेमाद्रि पंडिताच्या आधीं दोनशें वर्षें उभें असलेलें, तेंही या नांवांतून सुटलें नाहीं. पण हेमाडपंती म्हटल्यानें देवळाचा भाव वाढत नाहीं. लुट्झ म्हटल्यानें गोटीचा वाढतो. भेद आहे तो येथें. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं जेथें पाठ निःसंशय ठरविणें शक्य नव्हतें तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ घातली. त्या रेघेनें आवृत्तीची प्रतिष्ठा कमी झाली नाहीं, उलट वाढली. गोट्यांच्या किंमतपुस्तकांत या नागमोडी रेघेस जागा मिळणें अवघड, कारण ‘बहुधा’ या शब्दास भाव लावतां येत नाहीं.

या शास्त्रांत पक्की भर कोणीं घातली म्हणाल, तर भाव सांगणारांनीं नव्हे, माती उकरणारांनीं. ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया येथील बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागीं हौशी संग्राहकांनींच खणून पाहिलें. टाकून दिलेले तुकडे, अर्धवट गोळे, बिघडलेल्या गोट्या त्यांच्या हातीं लागल्या. अमुक रंगमेळ कोणत्या कारखान्याचा, हा वाद अशी एक ठिकरी मिटवूं शकते. ठिकरीस बाजारांत मोल तें काय? पण ती ज्या जागेंतून निघाली ती जागाच तिची साक्ष. म्हणजे मोलाच्या वस्तूची ओळख बिनमोलाच्या वस्तूवर उभी आहे. मायकेल कोहिल यांनीं १९९० सालीं क्रिस्टेन्सेन यांच्या यंत्रावर पुस्तक काढलें. त्याच्या नांवांत करणारा आहे, यंत्र आहे, भाव नाहीं. हा भेद आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. तथापि किंमतपुस्तकांवर अन्याय नको. त्यांतील चित्रांनींच हा विषय घरोघरीं पोंचविला, आणि भावाची आशा नसती तर आजोबांच्या पेटींतील गोट्या कितीकांनीं केरांत टाकल्या असत्या.

आमचा मोठा आक्षेप आहे तो स्थितीच्या मोजमापाविषयीं. संग्राहकांनीं गोटीच्या प्रकृतीचे दर्जे ठरविले आहेत. कारखान्यांतून आतांच बाहेर पडल्यासारखी दिसते ती सर्वांत वरची. तिच्याखालीं जवळजवळ तशी, मग बरी, आणि तळाशीं केवळ संग्रहास ठेवण्यापुरती. खेळतांना गोटीवर गोटी आदळली कीं पृष्ठभागाखालीं चंद्रकोरीसारखी तड उमटते. जाणकार तिला ‘चंद्र’ असेंच म्हणतात. हा चंद्र उगवला कीं भाव मावळूं लागतो. खेळण्याकरितां केलेली वस्तु खेळली गेली म्हणून उतरावी, यांतील विनोद कोणाच्याही ध्यानीं येईल. बाजार दुर्मिळास मान देतो एवढें म्हणून तो सोडून देतां येतो. गंभीर गोष्ट पुढेंच आहे. चंद्र व ओरखडे घालविण्याकरितां गोटी घांसून तिला नवी चकाकी देण्याची रीत आहे. हलकें घांसलें तर देंठ राहतो. खोल घांसलें तर वरचा थर जातो, गोटी लहान होते आणि देंठही जातो. नक्षी पूर्वीपेक्षां उजळ दिसते हें खरें. यावर बाजाराचा निर्णय इतकाच, कीं अशा गोटीस भाव कमी आणि विकतांना तसें सांगावें. म्हणजे अपराध कोणता, तर भाव उतरविल्याचा! आमच्या मतें तो प्रश्न दुय्यम आहे. एक साक्षीदार होता, त्याची वाचा गेली. जुन्या पोथींतील अवघड शब्द कळला नाहीं म्हणून ज्या नकलकारानें तेथें सोपा शब्द घातला त्याचाही हेतु वाईट नव्हता. पोथी त्यानें वाचनीयच केली. पण दोन पाठांतील अवघड तोच बहुधा मूळचा, असा पाठचिकित्सेचा संकेत आहे. टोकावरील खडबड हा गोटीचा अवघड पाठ होय. तो घांसून टाकल्यावर उरेल ती गोटी सुंदरही असेल. परंतु ती लाउशाच्या भट्टींतली कीं कालपरवांची, हें ठरविण्याचा मोठा आधार गेलेला असतो, आणि जुन्या धर्तीच्या उत्तम गोट्या घडविणारे कारागीर आजही आहेत.

यावर कोणी म्हणेल कीं तुम्हांस पुराव्याचें वेड आहे. वस्तूचें सौंदर्य हेंही तिचें सत्यच नव्हे काय? हा युक्तिवाद पोकळ नाहीं, आणि एका जातीच्या बाबतींत आम्हांसही तो अडवितो. ‘सल्फाइड’ नांवाच्या मोठ्या गोट्या असतात. स्वच्छ कांचेच्या पोटांत मेंढी, कुत्रा, पक्षी, क्वचित् मनुष्य अशी पांढरी मूर्ति बसविलेली असते. मूर्तीभोंवतीं हवेचा अतिशय पातळ पापुद्रा अडकून राहतो, त्यामुळें ती रुप्याची भासते. अशी गोटी ओरखड्यांनीं पार आंधळी झाली तर पहावयाचें तेंच दिसेनासें होतें. तेथें देंठ राखून घांसतां येत असेल तर घांसणारास आम्ही दोष देणार नाहीं. पण ज्या गोटीची नक्षी कांचेंतून अद्याप नीट दिसते तिला केवळ चकाकीसाठीं सहाणेवर धरणें, ही रसिकता नव्हे.

पुढील आवृत्ति काढणाऱ्या ग्रंथकारांस आमची एक सूचना आहे. गोटीचें एकच देखणें चित्र न देतां तिच्या दोन्ही ध्रुवांचींही चित्रें द्यावींत, आणि भावाचा रकाना लहान करून तेवढी जागा त्यांस द्यावी. कांड्याच्या अगदीं टोकाची म्हणून जी गोटी संग्राहकांस ठाऊक आहे तिच्याकरितां तर हें अवश्यच. तिच्या एकाच ध्रुवावर तोडल्याची खूण असते. फिती त्या खुणेपासून निघतात, दुसऱ्या ध्रुवापर्यंत पोंचण्यापूर्वींच वाटेंत थांबतात, आणि पुढें नुसती स्वच्छ कांच असते. बाजूनें काढलेल्या चित्रांत ती सदोष दिसते. त्या कोऱ्या टोकाकडून पाहिली म्हणजे कांडें कोठें संपलें तें दिसतें.