देवळाच्या अंगणातील दमाम

गेल्या जत्रेची रात्र. जोयडा तालुक्यातील ते गाव कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तालुक्यातील कोणत्याही देवळाच्या अंगणात जे घडू शकते तेच तेथे घडले. पालखी आत गेली, आरती झाली आणि करमणुकीच्या कार्यक्रमांत सिद्दी मंडळींच्या दमामाची पाळी आली. निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून “आता पाहा आफ्रिकन नृत्य!” अशी ललकारी दिली. मंडळी आली ती मात्र साध्या साड्या नेसून आणि धुतलेले सदरे घालून. रंगविलेले चेहरे आणि पानापिसांचे वेष पाहावयास मिळतील अशा आशेने पुढे सरकून बसलेल्यांचा थोडा हिरमोड झाला. खरे सांगायचे तर आम्हीही पुढच्याच रांगेत होतो.

पहिली दोन गाणी चेष्टेची होती. टाळ्या पडल्या, शिट्या पडल्या. तिसरे गाणे एका प्रौढ बाईने संथ लयीत धरले. मोळी घेऊन नाक्यावर अडविलेली बाई त्या गाण्यात होती. शाळेत केसांवरून चिडविली गेलेली तिची नात होती. हे केस माझ्या आजीचे आहेत, ते मी सरळ करणार नाही, अशा अर्थाचे नातीचे उत्तर होते, आणि बाकीच्या बायका तेच ध्रुपदासारखे उचलून धरीत होत्या. भाषा आमचीच होती, घाटावरची, मराठीत मिसळलेली कोंकणी. एकही शब्द आम्हांस परका नव्हता. अंगण हळूहळू गप्प झाले. समितीच्या बाकावरून चिठ्ठी गेली: काहीतरी जलद वाजवा.

संगीत म्हणून त्या गाण्याविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे, कारण नंतर जी चर्चा झाली तीत ते कोणीच बोलले नाही. दमाम हे लाकूड पोखरून दोन्ही तोंडे मढविलेले वाद्य. त्याचा ठेका स्थिर चालू असता ती बाई शब्द किंचित मागे ठेवीत होती, जणू ठेक्याने आपली वाट पाहावी असा तिचा हट्ट असावा. मधले एक कडवे सैल पडले, पुनरुक्तीही झाली. परंतु शेवटी तिने समोर बसलेल्या आपल्या माणसांची नावे एकेक करून गाण्यात ओवली, तेव्हा तक्रारीचे रूपांतर हजेरीत झाले. ही सूझ शिकवून येत नाही.

प्रसादाच्या पंगतीत प्रतिक्रिया कानी आल्या. एक म्हणाले, “यांना हे कोणी शिकविले?” दुसरे म्हणाले, “देवाच्या दारात सरकारी तक्रारी कशाला?” तिसरे गृहस्थ वयोवृद्ध व सज्जन, ते म्हणाले, “अहो, ही आपलीच माणसे. आपण कधी काळे-गोरे मानले काय?” पहिल्या दोघांशी वाद घालणे सोपे आहे. अडचण तिसऱ्यांची आहे. कारण ज्यांनी तासाभरापूर्वी ‘आफ्रिकन नृत्य’ ऐकून टाळी वाजविली होती, त्यांनाच गाण्यातून रंगाचा उल्लेख येताच रंग दिसेनासा झाला!

ही तऱ्हा आमच्याच अंगणाची नव्हे. अमेरिकेत १९३९ साली बिली हॉलिडे या गायिकेने झाडाला टांगून मारलेल्या काळ्या माणसांवरचे गाणे ध्वनिमुद्रित करू म्हटले, तेव्हा कोलंबिया या तिच्या नेहमीच्या कंपनीने ते नाकारले. कमोडोर नावाच्या लहान कंपनीने ते केले. १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला काही महिने झाले असता, जेम्स ब्राऊन यांनी काळेपणाचा अभिमान मोठ्याने सांगणारे गाणे काढले. त्यात ध्रुपद म्हणणाऱ्या मुलांपैकी बहुतेक गोरी वा आशियाई होती, असे त्यांनीच पुढे सांगितले. तरीही या गाण्यामुळे आपला गोरा श्रोता दुरावला, हेही त्यांनीच नमूद केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात बियॉन्से यांच्या नर्तकी ब्लॅक पँथर संघटनेची आठवण देणाऱ्या काळ्या टोप्या घालून आल्या, तेव्हा पोलिसांच्या काही संघटनांनी बहिष्काराची भाषा केली. आठवड्याच्या आत एका दूरचित्रवाणी प्रहसनाने, ही बाई काळी आहे हे गोऱ्या चाहत्यांना त्या दिवशीच समजले, अशी थट्टा केली. थट्टा अचूक होती. वर्षानुवर्षे तिच्या तालावर नाचणाऱ्यांना गायिका हवी होती, पण ती कोण हे सांगितलेले नको होते.

आता आपल्याकडे पाहू. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांनी डफावर जे गायिले त्याला आपण लोकजागृती म्हणतो. गोव्यात १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी उल्हास बुयांव यांच्या कोंकणी गाण्यांनी गावे हालविली. त्यांना आपण अस्मिता म्हणतो. या नियतकालिकाचे वाचक त्या वादात दोन्ही बाजूंस होते, आणि दोन्ही बाजूंनी गाणीच हाती घेतली होती. आणि देवाच्या दारातील तक्रारीविषयी म्हणाल, तर चोखोबांचे अभंग काय आहेत? पंढरीच्या महाद्वाराबाहेर ज्यांची समाधी, त्यांचे गाऱ्हाणे आपण टाळ कुटीत भक्तिभावाने गातो. मात्र त्या देवळाचे दार अस्पृश्यांस उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. अभंग शतकानुशतके पाठ होते. अर्थ कळावयास तेवढा वेळ लागला.

व्यवसायाने वकील असल्याने आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. उत्तर कन्नडातील सिद्दींना अनुसूचित जमातीत २००३ साली स्थान मिळाले. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. त्यांतील अनेक पळून, घाट चढून या रानात आले. त्यांची दखल घेण्यास स्वतंत्र देशाला अर्धशतकाहून अधिक लागले. जमात कोणास म्हणावे याचे निकष लोकूर समितीने १९६५ साली सांगितले. त्यांत भौगोलिक अलगपणा आणि मागासलेपणा यांच्या जोडीला इतर समाजाशी संपर्काचा बुजरेपणा हाही एक निकष आहे. म्हणजे हक्क हवा तर लाजावे! १९८७ पासून काही वर्षे भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना धावण्यासाठी निवडले, तेही आफ्रिकन शरीराच्या अपेक्षेने. कोणी लाज मागतो, कोणी पाय मागतो, आमची जत्रा समिती नाच मागते.

२०२१ च्या ‘सलग’ या कानडी चित्रपटात संगीतकार चरण राज यांनी गिरिजा सिद्दी आदी सिद्दी गायकांचे आवाज घेतले आणि ते गाणे तरुणांच्या तोंडी झाले. ही गोष्ट चांगलीच झाली. गिरिजाबाई रंगभूमीवर तयार झालेल्या कलावती आहेत, उसन्या वेषाची त्यांना गरज नाही. परंतु त्या लोकप्रियतेवरून सिद्दींचा अभिमान समाजाने मान्य केला असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एकदा आमच्या जत्रेला यावे. ठेका मान्य झाला आहे, एवढेच आम्ही म्हणू.

देवस्थान समितीस कार्यक्रम ठरविण्याचा अधिकार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. गाऱ्हाण्याचे प्रत्येक गाणे चांगले असते असेही नाही. पण ज्यांना आमंत्रण देऊन अंगणात आणले, त्यांच्या तोंडचे आपल्याच भाषेतील शब्द चिठ्ठी पाठवून थांबविणे हा अधिकार कोणत्या घटनेत लिहिला आहे?

मंडळी सामान बांधीत होती तेव्हा आम्ही त्या बाईंकडे गेलो व गाणे आवडले असे म्हणालो. तिने दमामावर कापड गुंडाळता गुंडाळता विचारले, “तुमकां समजलें न्हय, सायबा?” आम्ही होय म्हटले. ती पुढे काही बोलली नाही.

यंदाच्या जत्रेच्या पत्रिकेचा मसुदा परवा तपासावयास आमच्याकडे आला. तिसऱ्या रात्रीपुढे ‘सिद्दी बांधवांचे आफ्रिकन नृत्य’ असेच लिहिलेले आहे. आम्ही ते खोडून ‘दमाम व गाणी’ असे केले आहे, आणि समासात समितीस विचारले आहे की, यंदाच्या पंगतीत ही मंडळी कोठे बसणार. मसुदा अद्याप परत आलेला नाही.