हॅमिल्टन यांची सतरा कलमं

मॅक्स हॅमिल्टन या ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1960 साली नैराश्याची तीव्रता मोजणारी एक श्रेणी प्रसिद्ध केली. सतरा कलमं, प्रत्येकापुढे गुण. औषधाने रुग्ण किती सुधारला, हे संशोधक आजही तिच्या आधारे ठरवतात. मला हा रुक्ष दिसणारा कागद माणूस वाचण्याचा उत्तम नमुना वाटतो.

पहिलं कलम उदासीचं. विचारल्यावरच कबूल केली तर एक गुण, आपणहून सांगितली तर दोन. तिसरा गुण मात्र चेहरा, बसण्याची ढब, आवाज आणि भरून येणारे डोळे पाहून द्यायचा. चौथ्या पायरीवर रुग्णाच्या बोलण्यात आणि देहात उदासीखेरीज जवळपास काही उरलेलं नसतं. डॉक्टरला कानाकडून डोळ्यांकडे किती अलगद नेलंय पाहा! ‘मी बराय हो’ म्हणणाऱ्याचे पडलेले खांदे टिपल्याशिवाय इथे आकडा लिहिता येत नाही.

झोपेला तर तीन कलमं. अंथरुणावर पडून डोळा न लागणं वेगळं, मध्यरात्री जाग येणं वेगळं, आणि पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणं आणखी वेगळं. ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेलाय, त्यांना त्या पहाटा समजावून सांगाव्या लागत नाहीत.

मूळ लेखातली एक सूचना मला फार भावते. मुलाखतीला दोन डॉक्टरांनी बसावं, दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि त्यांची बेरीज धरावी. एकाच नजरेवर विसंबायचं नाही, ही त्यामागची नम्रता. पुढे घाईत ती बहुतेक ठिकाणी गळून गेली.

आता निकालाचं. गुण निम्म्यावर आले की औषधाला प्रतिसाद मिळाला म्हणतात. सात किंवा त्याखाली उतरले की रिमिशन, म्हणजे लक्षणं जवळपास ओसरणं. ते काही महिने टिकलं, तरच रुग्ण या खेपेतून पूर्ण बरा झाला असं मानतात.

पण झोपेच्या तीन कलमांचे मिळून सहा गुण होतात आणि आत्महत्येच्या विचारांना जास्तीत जास्त चार. म्हणजे गुंगी आणणाऱ्या औषधाने, मन होतं तिथेच असतानाही, बेरीज उतरू शकते. शिवाय सगळी कलमं काय बिघडलंय तेच विचारतात. कामातला रस गेला का, हे एक कलम विचारतं. आशेला, आत्मविश्वासाला मात्र जागाच नाही. अमेरिकेतल्या मार्क झिमरमन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली रुग्णांनाच विचारलं की बरं होणं कशाला म्हणाल. उत्तरांत अग्रक्रम मिळाला तो आशा-आत्मविश्वासाला, पूर्वीसारखं वाटण्याला आणि रोजचे व्यवहार पूर्ववत होण्याला. माझ्या मते, कागदाची खरी उणीव रुग्णांनीच दाखवून दिली.

हॅमिल्टन यांच्यावर याचा सगळा दोष टाकणं अन्यायाचं होईल. निदान झालेल्या रुग्णासाठीच ही श्रेणी आहे आणि तिची किंमत मुलाखत घेणाऱ्याच्या कौशल्यावर आहे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

म्हणून फेरतपासणीला घरच्या माणसाबरोबर जाल, तेव्हा झोप आणि भूक सांगून थांबू नका. तो आपणहून कुणाला फोन करतो का, पुढच्या महिन्याचे बेत आखतो का, हेही सांगा. आणि गुण सातवर आले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. त्या कधी थांबवायच्या, ते डॉक्टरांना ठरवू द्या.