‘धरणामुळे’ या एका शब्दाची उलटतपासणी

लिटरेचर रिव्ह्यू करताना काही वाक्यं इतक्या वेळा समोर येतात की ती तपासावीत असं कुणाला वाटतच नाही. माझ्या विषयात, म्हणजे धरणसुरक्षेत, असं एक वाक्य आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण आशय हाच असतो: 1972 मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या रॅपिड सिटी शहरात कॅनियन लेक धरण फुटल्यामुळे 238 माणसं मेली.

या वाक्यातलं साल बरोबर आहे. धरण खरंच फुटलं आणि मृतांचा आकडाही 238 असाच नोंदला गेला आहे. तरीही वाक्य चुकीचं आहे, आणि चूक आहे ती ‘मुळे’ या एका प्रत्ययात. संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आज हे वाक्य सोलून बघू. विषय तुमचा नसला तरी पद्धत उपयोगी पडेल.

आधी घटना

कॅनियन लेक हे रॅपिड सिटीच्या पश्चिम टोकाला, शहराच्या बागेतलं सरोवर. रॅपिड क्रीक या ओढ्यावर 1930च्या दशकात मातीचा छोटा बांध घालून ते तयार केलं. कारण साधं होतं: लोकांनी फिरायला यावं, होड्या चालवाव्यात, मासे धरावेत. सिंचन नाही, वीज नाही, पूरनियंत्रण तर नाहीच.

9 जून 1972 च्या संध्याकाळी ब्लॅक हिल्स डोंगररांगेवर ढग येऊन थांबले ते हललेच नाहीत. नेमो गावाजवळ सहाएक तासांत जवळजवळ 380 मिलिमीटर पाऊस पडला. सुमारे 155 चौरस किलोमीटर क्षेत्रावर 250 मिलिमीटरपेक्षा जास्त. ओढ्याच्या वरच्या भागात पॅक्टोला हे मोठं धरण 1956 पासून उभं होतं, पण मुसळधार पाऊस मुख्यतः त्याच्या खालच्या बाजूला पडला. त्यामुळे ते पाणी अडवायला पॅक्टोलाचा उपयोग नव्हता. कॅनियन लेकचा सांडवा वाहून आलेल्या गाळाकचऱ्याने आणि सामानसुमानाने तुंबला, पाणी चढत गेलं आणि रात्री पावणेअकराच्या सुमाराला बांध गेला. मध्यरात्रीपर्यंत पुराचा मुख्य लोंढा शहरातून गेला होता किंवा जात होता.

पहिली तपासणी: पाणी किती होतं?

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीनुसार सरोवराच्या वरच्या अंगाला ओढ्याचा सर्वोच्च विसर्ग 31,200 घनफूट प्रतिसेकंद होता, म्हणजे सुमारे 883 घनमीटर. खाली शहरात तो 50,000 घनफूट, म्हणजे सुमारे 1,416 घनमीटर झाला.

आता कागद-पेन्सिल घ्या. सरोवरात किती पाणी होतं ते सढळ हाताने धरू: 20 हेक्टर क्षेत्र, सरासरी 5 मीटर पाणी. झाले 10 लाख घनमीटर. वरून येणाऱ्या सर्वोच्च विसर्गाने एवढं पाणी आणायला किती वेळ लागेल? 10 लाख भागिले 883, म्हणजे जेमतेम 19 मिनिटं.

दुसऱ्या बाजूनेही बघा. 155 चौरस किलोमीटरवर 250 मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास 3.9 कोटी घनमीटर पाणी. ते सगळं रॅपिड क्रीकमध्ये उतरलं नाही, काही शेजारच्या खोऱ्यांत गेलं, काही मुरलं. म्हणून फक्त चौथा हिस्सा धरू. तरी ते आपल्या सढळ सरोवराच्या जवळजवळ दहा पट भरतं. पूर पावसाचा होता. सरोवर त्यातला एक घोट.

पण इथेच थांबलात तर उलट बाजूची चूक कराल. धरण फुटतं तेव्हा पाणी किती यापेक्षा ते किती वेळात सुटतं हे जास्त महत्त्वाचं असतं. तेच 10 लाख घनमीटर अर्ध्या तासात सुटले तर सरासरी विसर्ग होतो सुमारे 555 घनमीटर प्रतिसेकंद. आणि वरच्या-खालच्या दोन मोजण्यांतला फरक किती? 533. आकडे किती सुरेख जुळले! आता नवखा संशोधक लगेच लिहून मोकळा होईल की ‘वाढीव विसर्ग धरणफुटीमुळे आला’.

जरा थांबा. अर्धा तास हा आकडा मी धरलेला आहे. पंधरा मिनिटं धरली तर 1,111 येतात, तासभर धरला तर 278. शिवाय मोजणीच्या दोन जागांच्या मधल्या भागावर पडलेल्या पावसाचं पाणीही ओढ्यात आलंच असणार, ते वजा कुठे केलं? गृहीतक जरासं हलवलं की उत्तर चौपट बदलतं, तेव्हा जुळलेला आकडा हा पुरावा नसतो, योगायोग असू शकतो. प्रबंधात असा जुळणारा आकडा दिसला की आनंद होण्याआधी त्याची संवेदनशीलता तपासायची सवय लावून घ्या.

दुसरी तपासणी: 238 मध्ये कोण कोण आहे?

माझ्या मते ही बाजू जास्त गंभीर आहे. त्या रात्री एकटा रॅपिड क्रीक नाही, ब्लॅक हिल्सच्या पूर्व उतारावरचे अनेक ओढे फुगले होते. कीस्टोन हे गाव बॅटल क्रीकवर आहे. तिथेही माणसं दगावली. कॅनियन लेकचा थेंबही तिकडे जात नाही, तरी ते मृत्यू 238 मध्ये धरलेले आहेत. सरोवराच्या वरच्या अंगाला डार्क कॅनियनमध्ये घरं वाहून गेली. धरण फुटून वरच्या लोकांचं घर कसं जाईल?

म्हणजे अंश एका घटनेचा आणि कारण दुसऱ्याच घटनेचं, अशी ही गफलत आहे. यात भर म्हणजे, धरणाच्या खाली राहणाऱ्यांतही तीन गट करावे लागतील: बांध फुटण्याआधीच पुरात सापडलेले, बांध टिकला असता तरी वाचले नसते असे, आणि बांध टिकला असता तर वाचले असते असे. ‘धरणामुळे’ हा शब्द फक्त तिसऱ्या गटाला लागू पडतो. तो गट मोजायचा तर प्रत्येक मृत्यूची जागा आणि वेळ हवी, आणि ‘बांध टिकला असता तर’ या न घडलेल्या रात्रीचं गणित हवं. हे काम किचकट आहे. म्हणूनच एका ओळीत 238 लिहून पुढे जाणं सगळ्यांना सोयीचं पडतं.

मग बिघडतं काय?

कुणी म्हणेल, माणसं तर गेलीच, प्रत्यय घासून काय मिळणार? मिळतं ते असं की कारण जसं लिहाल तसा उपाय ठरतो. कारण ‘धरण’ असेल तर उपाय आहे भक्कम धरण. कारण ‘ओढ्याच्या पूरक्षेत्रात झोपलेली माणसं’ असेल तर उपाय पूर्ण वेगळा आहे.

रॅपिड सिटीने पुरानंतर केंद्र सरकारच्या मदतीने पूरक्षेत्रातल्या जमिनी विकत घेतल्या आणि तिथे पुन्हा घरं होऊ दिली नाहीत. आज ओढ्याकाठी बागा, मैदानं आणि पायवाटांचा हिरवा पट्टा आहे. धोरणाचा रोख सरळ होता: रात्री माणसं झोपतील असं काही तिथे नको. कॅनियन लेकचा बांधही पुन्हा घातला आणि सरोवर आजही आहे, पण शहर निर्धास्त झालं असेल तर ते त्या पट्ट्याच्या जोरावर. ‘धरणामुळे 238’ हे वाक्य त्यांनी खरं मानलं असतं तर नवा बांध बांधून, रिबीन कापून लोक जुन्या जागी राहायला गेले असते.

याचा अर्थ बांध निर्दोष होता असं नाही. सांडवा तुंबणं हा करमणुकीच्या छोट्या धरणांचा ओळखीचा रोग आहे, आणि कुणी मुद्दाम पूर अडवायला बांधलेलं नाही म्हणून त्याच्या सांडव्याचा विचार कमी करून चालत नाही. दोष आहे, फक्त तो 238 एवढा नाही.

आपल्याकडचं उदाहरण, उलट्या बाजूने

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुण्यात पाणी शिरलं. तिथे ‘धरणामुळे’ हा शब्द चपखल बसतो, कारण त्या आकाराचा लोंढा पाऊस थेट देऊ शकत नव्हता, तो साठलेल्या पाण्याचा होता. दोन्ही घटना ‘धरणफुटी’च्या एकाच रकान्यात जातात आणि त्यांचे मृत्यूंचे आकडे एकाच आलेखावर मांडले जातात. तसा आलेख काढणाऱ्याने आधी सांगायला हवं की एकीकडे धरण हा पुराचा उगम होता, दुसरीकडे चालू पुरातली एक भर. निळ्या आणि लाल पूररेषेवर काम करणाऱ्यांना हा फरक रोज लागतो.

सिनॉप्सिस लिहिताना

तुमच्या मसुद्यात ‘मुळे’, ‘परिणामी’, ‘कारणीभूत’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकापाशी चार प्रश्न विचारा. आकड्यात धरलेली प्रत्येक नोंद त्या कारणाच्या वाटेवर होती का? कारण आधी आणि परिणाम नंतर, हे वेळेने सिद्ध आहे का? कारण नसतं तर काय झालं असतं, याचं निदान ढोबळ गणित केलंय का? आणि हे वाक्य खरं मानून कुणी निर्णय घेतला तर तो कुठे जाईल?

माझ्या प्रकरणात मी आता ते वाक्य असं लिहिते: ‘9 जून 1972 च्या रात्री ब्लॅक हिल्समधल्या अतिवृष्टीने आलेल्या पुरांत 238 जण मृत्युमुखी पडले, याच पुरात रॅपिड सिटीतलं कॅनियन लेक धरण फुटलं आणि त्याने खालच्या भागातल्या हानीत भर घातली.’ ओळ लांबली आहे. गाईडने छोटी करायला सांगितली तर मी दुसरं काहीतरी कापेन, हे नाही.