सनद कोणासाठी?

कायद्याच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, मोठ्या शहरांतील नामांकित संस्थांच्या कौतुकाचा. दुसरा, लहान सार्वजनिक विधी महाविद्यालयांच्या टवाळीचा. मला दोन्ही खोटे वाटतात. ही लहान महाविद्यालये आमच्या मुलांना काय देतात, हे तळोद्यात उभे राहून पाहिले पाहिजे.

मी येथे शिक्षक आहे. माझा एक विद्यार्थी, भिल्ल कुटुंबातला, अशाच एका महाविद्यालयातून वकील होऊन आला. परवडणारी फी, शिष्यवृत्ती आणि शेवटी सनद, एवढे त्याला मिळाले. हे थोडे नाही. ज्याच्या बापाला कचेरीच्या पायरीवर ताटकळत ठेवले जाई, त्याचा मुलगा काळा कोट घालून गेला की खुर्ची पुढे येते. सनदेच्या नोंदणीसाठी राज्याराज्यांत घेतले जाणारे अवाच्या सवा शुल्कही सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी रोखले. अनुसूचित जाती-जमातींसाठी ते 125 रुपयांवर आणले. दार उघडले, हे मी मान्य करतो.

पण खुर्चीवर बसल्यावर पुढे काय?

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका म्हाताऱ्याचा वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने ‘पुरावा अपुरा’ म्हणून फेटाळला. कागद घेऊन आम्ही ह्या मुलाकडे गेलो. तो म्हणाला, “सर, दंडाची पावतीच नाही, मग टिकणार कसे?” 2006 चा वनहक्क कायदा त्याने परीक्षेपुरता पाठ केला होता, त्याचे नियम वर्गात कोणी उघडलेच नव्हते. नियम 13 सांगतो की झोपडी, शेताचे बांध, सपाट केलेली जमीन हाही पुरावा आहे. गावातील इतर वृद्धांचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा आहे. जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायला साठ दिवस मिळतात. आम्ही बसून हे वाचले तेव्हा त्यातले नऊ उरले होते. अपील दाखल झाले, ते कसेबसे.

दोष त्या मुलाचा नाही. त्याला तीन वर्षे गाइडमधल्या व्याख्या घोकायला लावल्या. 1970 च्या दशकाच्या आरंभी ह्याच शहादा-तळोदा भागात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला. 1974 मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात झाला. स्वतःच्या दारातला हा इतिहास त्याच्या वर्गात एकदाही आला नाही. आमचा पक्षकार भिली किंवा पावरी बोलतो, तालुक्याचे कोर्ट मराठीत चालते, उच्च न्यायालय इंग्रजीत. या तीन भाषांमधला पूल बांधणारा वकील हवा होता. महाविद्यालयाने कारकून घडविला.

कोणी म्हणेल, लहान संस्थेकडून एवढी अपेक्षा कशी? मी विचारतो, यासाठी इमारत लागते काय? देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पोलिसांना सोडले. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्यासाठी कागद लागला, अभ्यास लागला आणि धैर्य लागले.

बाबासाहेब 1935 ते 1938 या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. चवदार तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयातील निकाल लागला तो 17 मार्च 1937 रोजी. म्हणजे प्राचार्याच्या खुर्चीवरचा माणूस त्याच वेळी पाण्याच्या दाव्यात प्रतिवादी होता! कायद्याच्या शिक्षकाची याहून मोठी व्याख्या मला ठाऊक नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत कायदेविषयक साहाय्य केंद्र आणि प्रात्यक्षिकाचे विषय सक्तीचे आहेत. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ही दोन कलमे एकमेकांना भेटवा. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभर एका माणसाचा एक तरी दावा, शेतापासून समितीपर्यंत, शिक्षकासोबत चालवावा. तो ज्याला चालविता येत नाही, त्याला पदवी देऊ नका. आमच्या मुलांना कोट मिळाला. आता त्या कोटाच्या खिशात आमच्या माणसांचे कागद असले पाहिजेत.