पोटात कोंडलेली विकरे

शालेय जीवशास्त्रात प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या विकरांची, म्हणजे प्रोटिएजांची, गाठ पडते ती पचनाच्या धड्यात. जठरात पेप्सिन, लहान आतड्यात ट्रिप्सिन, आकृतीला नावे द्या, संपले. पुढे वाढ, प्रजनन, लिंगनिश्चिती हे विषय येतात तेव्हा या विकरांची आठवण कोणालाच राहत नाही. शाळेत सगळेच शिकवता येत नाही हे आम्हांला मान्य आहे. आमची तक्रार वेगळी आहे. या मांडणीमुळे ‘प्रोटिएज म्हणजे अन्न पचवणारे’ हे समीकरण मनात पक्के बसते, आणि शरीर स्वतःचीच प्रथिने मोजूनमापून का कापत असेल, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतच नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या शिक्षकांना तर उदाहरण दाराशी आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पोसण्याचे काम येथील ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोसा कापडासाठी ओळखले जाते. वर्गातला रेशीमकिडा मात्र बहुधा तुतीचीच पाने खातो! त्याहून खटकते ते ‘पतंग कोसा कुरतडून बाहेर पडतो’ हे नेहमी ऐकू येणारे वाक्य. टसरच्या पतंगाला कुरतडायला जबडेच नसतात. पतंग झाल्यावर तो काही खातही नाही. मग असा टणक कोसा तो फोडतो कसा?

याचे उत्तर 1964 मध्ये फोटिस काफाटोस आणि कॅरल विल्यम्स या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत दिले. त्यांनी अभ्यासलेले पतंग आपल्या टसरच्याच प्रजातीतले, म्हणजे ‘अँथेरिया’ कुळीचे होते. पतंगाच्या मुखांगांवर एक प्रोटिएज स्रवते. त्याला त्यांनी कोकूनेज म्हटले. रासायनिक घडणीने हे आपल्या ट्रिप्सिनचे भाऊबंद. ते आधी निष्क्रिय रूपात तयार होते, मग सक्रिय होऊन मुखांगांवर सुकलेल्या थरासारखे साठून राहते. बाहेर पडायच्या वेळी दुसऱ्या एका ग्रंथीतून बायकार्बोनेट असलेला द्रव येतो, त्यात हा थर विरघळतो आणि कोशाचे टोक भिजते. खरी गंमत पुढेच आहे. रेशमात दोन प्रथिने असतात : धाग्याचे फायब्रॉइन आणि धागे चिकटवणारे सेरिसिन. कोकूनेज सेरिसिन विरघळवते, फायब्रॉइनला धक्का लावत नाही. डिंक सुटला की पतंग धागे बाजूला सारून डोके बाहेर काढतो. भोक पडलेला कोसा देठाकडच्या बाजूने भिंगाखाली धरावा. कुरतडल्याच्या खुणांऐवजी बाजूला ढकललेल्या धाग्यांचा गुंता दिसेल.

म्हणजे या विकराचे काम निवडक आहे, आणि त्याला वेळही ठरलेली आहे. प्राण्याच्या वाढीत प्रोटिएजे हेच करतात. फळमाशीच्या अंड्यात पोटाची बाजू कोणती हे ठरते ते प्रोटिएजांच्या साखळीने. एक विकर दुसऱ्याला कापून जागे करते, दुसरे तिसऱ्याला. शेवटचे स्पेट्झल नावाच्या प्रथिनाला कापते, आणि ते कापलेले प्रथिन ‘टोल’ या ग्राहीला जाऊन चिकटते. हे सारे फक्त पोटाच्या बाजूला घडते. साखळीतली एक कडी निकामी झाली, तर गर्भाला सगळीकडून पाठच फुटते. रक्त गोठण्याची साखळी शिकवताना या उदाहरणाचा उल्लेख सहज करता येईल. फळमाशीच्या गर्भवाढीची जनुके शोधणाऱ्या न्युसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस यांना, लुईस यांच्यासमवेत, 1995 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लिंगनिश्चितीच्या बाबतीत मात्र उलट दिशेने सावध राहायला हवे. प्रोटिएज लिंग ‘ठरवते’ असे सरसकट म्हणणे चूक ठरेल. सी. एलेगन्स या सूत्रकृमीत त्याचा सहभाग नक्की आहे. या कृमीत दोन एक्स गुणसूत्रे असली की उभयलिंगी आणि एकच असले की नर, अशी व्यवस्था असते. ट्रा-3 हे कॅल्पेन जातीचे प्रोटिएज ट्रा-2 या प्रथिनाला कापते आणि सुटलेला तुकडा मादीपणाच्या बाजूने काम करतो. ट्रा-3 बिघडले, तर दोन एक्स असूनही प्राण्यात नराची लक्षणे उतरतात. पण पहिला कौल गुणसूत्रांचाच. प्रोटिएज त्याची अंमलबजावणी करते. तुतीच्या रेशीमकिड्यात तर कात्रीच वेगळी. मादीच्या डब्ल्यू गुणसूत्रावरून निघणारा आरएनएचा एक छोटा तुकडा नरपणाच्या जनुकाचा संदेश कापवून टाकतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये दाखवले. तेथे प्रथिन कापले जात नाही, आरएनए कापला जातो.

याच धड्यात शिक्षक चांगल्या हेतूने सांगतात, ‘अपत्याचे लिंग पित्यावर अवलंबून असते, आईला दोष देऊ नका.’ हेतू योग्य, वाक्य अर्धवट. त्याने दोष एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो इतकेच. कोणता शुक्राणू अंड्याला गाठणार यावर पित्याचाही ताबा नसतो. शिवाय पतंगांत सर्वसाधारणपणे नराची दोन गुणसूत्रे सारखी आणि मादीची वेगळी असतात, त्यामुळे तेथे हा निर्णय मादीच्या अंड्यात होतो. त्या वाक्यात निदान ‘माणसात’ हा शब्द तरी घालावा, आणि पुढच्याच तासाला कोशातून निघालेली टसरची मादी वर्गात दाखवावी.