तसबीर करवून घेताना काय काय निवडायचं

आजचा विषय तसा घरगुतीच आहे. हाताने काढलेलं व्यक्तिचित्र, आपल्या जुन्या शब्दात तसबीर, सांगून करवून घ्यायची असेल तर काय काय ठरवावं लागतं? आम्ही चित्रांवर लिहितो, बोलतो, पण पैसे मोजून तसबीर पहिल्यांदाच करवली, ती गेल्या वर्षी. आणि फसलो. कुणी फसवलं नाही हो, आम्हीच फसलो. म्हणून आज समीक्षा पहिली आमचीच.

आमच्या आजीचे फोटो दोनच. एक लग्नातला घोळक्यातला, दुसरा ओळखपत्रासाठी काढलेला. मोबाईलवर ऑर्डरचा फॉर्म आला. माध्यम कोणतं: पेन्सिल, कोळसा, जलरंग की तैलरंग. आकार किती, चेहरे किती, पार्श्वभूमी साधी की देखाव्याची. दोन फोटो जोडून एक करायचा का? आणि सगळ्यात खाली, 'चेहरा उजळ करणे, डाग काढणे.' आम्ही तिथेही खूण केली. फुकट होतं ना!

चित्र आलं. हात चांगला, साडीचा काठ तर सुरेखच. पण मावशी चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही कोण गं?" आजीच्या कपाळावर आणि हनुवटीच्या डाव्या अंगाला गोंदण होतं. चित्रकाराने ते डाग समजून काढलं होतं. त्याचा काय दोष? काढा असं आम्हीच सांगितलेलं.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा फॉर्म वाटतो तेवढा नवा नाही. 1790च्या सुमारास पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार इथे आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं सेवकांसह असलेलं त्याचं तैलचित्र 1792चं आहे. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे. हे माणूस समोर बसवून काढणाऱ्या चित्रकाराचं काम. आपल्या फॉर्मवर हा पर्याय आता नसतोच, बघा. समोर बसलेला माणूस कंटाळतो, मान वळवतो, आणि चित्रकाराला त्याचे दहा चेहरे दिसतात. फोटोत एकच दिसतो, तोही फोटोवाला 'हलू नका' म्हणाला त्या क्षणाचा.

मॅलेटला 1790च्या तहाचा दरबारही रंगवून हवा होता. वेल्सने त्यासाठी अभ्यासचित्रं केली, पण 1795 साली तो वारला. मग लंडनमध्ये टॉमस डॅनियलने त्या अभ्यासचित्रांवरून मोठं चित्र केलं, ते 1805चं. म्हणजे वेगवेगळ्या वेळी टिपलेली माणसं एकाच प्रसंगात आणून बसवली. वेल्स हिंदुस्थानात आला तोच 1791 साली, तेव्हा त्या दरबारात तोही नव्हता! 'दोन फोटो जोडून एक' हा पर्याय असा सव्वादोनशे वर्षांचा जुना आहे. आम्हाला विचाराल तर दोघा-तिघांचं वेल्सचं चित्र डॅनियलच्या भरल्या दरबारापेक्षा सरस. दरबारात सगळे हजर आहेत, पण कुणी कुणाकडे बघतंय असं मनापासून वाटत नाही. जोडलेल्या फोटोंच्या चित्रात हीच खोट राहते. आजोबांवर उजेड डावीकडून, आजीवर उजवीकडून, आणि नजरा दोन दिशांना. जोडून घ्यायचंच असेल तर निदान उजेडाची बाजू एक असलेले फोटो द्या.

हे पेशव्यांचं झालं. आणि आपल्या नदीपलीकडे? जयस्तंभावर कंपनीच्या 49 मृत सैनिकांची नावं कोरलेली आहेत. त्यातली 22 'नाक' शेवट असलेली, म्हणजे महार सैनिकांची. लढाई 1 जानेवारी 1818ची, वेल्सच्या चित्रानंतर सव्वीस वर्षांनी. त्या बावीस जणांना समोर बसवून कोण रंगवणार होतं? दगडावर नाव राहिलं, चेहरा राहिला नाही. आज याच गावातला कुणीही मोबाईलवर आपल्या आजीची तसबीर सांगू शकतो. म्हणून त्या फॉर्मवरची एकेक खूण आम्हाला क्षुल्लक वाटत नाही.

कुणी म्हणेल, मग बदल करूच नये का? तसं नाही. बाबासाहेब 1927 साली 1 जानेवारीला या स्तंभापाशी आले होते. आज त्या दिवशी इथे ज्या तसबिरी विकायला येतात, त्यांत कोट निळा असतो. मूळ छायाचित्रं बहुतेक काळी-पांढरी. निळा रंग लोकांनी निवडला, त्यांना त्या रंगात काही म्हणायचं होतं. तो बदल आहे, पण त्याने बाबासाहेब ओळखू येईनासे होत नाहीत, उलट लांबून ओळखू येतात. आमच्या 'उजळ'मध्ये कुणाला काही म्हणायचं नव्हतं. फक्त सावळं आणि गोंदलेलं नको होतं, हे खरं कारण. बोलायला लाज वाटते, पण आहे.

दुसरं उदाहरण पुण्याचं. 1968 साली बालगंधर्व रंगमंदिर उघडलं. तिथे गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची चित्रं दोन आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. एकाच माणसाचा कोणता चेहरा खरा, या प्रश्नाला दोन्ही असं उत्तर दिलं गेलं. दोन रूपं एका फ्रेममध्ये कोंबली नाहीत, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी भराभर सांगतो. कोळशाच्या किंवा पेन्सिलच्या चित्राला काच हवी, पण मध्ये माउंट घाला, काच कागदाला टेकता कामा नये. तैलचित्राला काच लागत नाही, वाळायला मात्र वेळ द्या, आठ दिवसांत तैलरंग मागू नका. लहान कागदावर चार चेहरे सांगितले तर डोळे म्हणजे नुसते ठिपके होतात. आणि 'हाताने काढलेलं' म्हणून कॅनव्हासवरची छपाई गळ्यात मारतात, वरून चार ब्रश फिरवलेले असतात. भिंग लावा, छपाईचे बारीक ठिपके दिसतात. बाजूने तिरपा उजेड पाडला की ब्रशचा खरा उंचवटाही कळतो.

आम्ही दुसऱ्यांदा सांगितलंय, चित्रकार तोच. या वेळी फॉर्मच्या खुणा कमी केल्या आणि खाली चार ओळी लिहिल्या: रंग सावळा तसाच ठेवा, गोंदण ठेवा, समोरचा एक दात पडलेला आहे तो भरू नका. मावशीशी त्याचं फोनवर अर्धा तास बोलणं करून दिलं, हे समोर बसवण्याच्या जागी. परवा कच्चं रेखाटन आलं. कपाळ अगदी बरोबर. हनुवटीवरचा ठिपका मात्र उजवीकडे गेलाय. फोटोचा फोटो आम्ही मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढला होता, आरशासारखा उलटा झाला. तेवढं त्याला कळवायचं राहिलंय, ते इथून उठलो की करतो.